पाळण्यातला वरवंटा

आमच्या ईसा टाउनच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. वर ठळक अक्षरांत 'सेफ सेल प्रोसीजर' आणि खाली आठ कलमं. माझा नवरा सित्रातल्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होता, आणि हा माणूस घरी आला तरी डोक्यावरचं हेल्मेट मनातून काढत नसे. गॅसच्या शेगडीजवळ वाळूची बादली ठेवणारा अख्ख्या बहारीनमधला तो एकटाच नवरा असावा. पाहुण्या बायका त्या बादलीत चहाचा चोथा टाकायच्या आणि मी त्यांना मुळीच अडवायची नाही.

कागद लागला त्याला कारण मीच. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट नुकतंच घरात शिरलं होतं. फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावायची, मग तो दोन मिनिटं घसा खाकरायचा, किंचाळायचा, आणि लागला तर लागला. तेवढ्या वेळात आईचा चिपळूणहून फोन आला तर तिला एंगेज टोन. तर त्या इंटरनेटवर नवऱ्याला एक पान सापडलं. बहारीनमध्ये राहणारे लोक त्यावर आपल्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती टाकत. नाव-पत्ता द्यावा लागत नसे. घेणाऱ्याने त्याच पानावर निरोप ठेवायचा, आपण उत्तर द्यायचं, मग भेटायचं.

आम्हाला एक खोली रिकामी करायची होती. आई पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी येणार होती, आणि तिच्यासाठी ठरवलेल्या खोलीत आम्ही अकरा वर्षांचा पसारा कोंबलेला. पहिला नंबर मिक्सरचा. निरोप आला, आणि मी त्या माणसाला सरळ घराचा पत्ता देऊन मोकळी झाले.

आला. चांगला इस्त्रीच्या शर्टातला. घरी आलेल्याला कोरडं पाठवायचं नाही ही आमची खोड, गिऱ्हाईक असला म्हणून काय झालं! चहा दिला, उपमा दिला. त्याने उपमा दोनदा घेतला. मग साहेब किती वाजता येतात ते विचारलं. मग दागिने इथूनच घेता का गावाहून आणता, ते विचारलं. आणि मग "एसी कौनसा है?" म्हणत उठून बेडरूमचं दार ढकललं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! "ओ भाईसाब, मिक्सर रसोई में है!" असा आवाज लावला की खालच्या मजल्यावरच्या भाभी लाटणं घेऊन वर आल्या. तो माणूस मिक्सर न घेताच गेला. उपमा मात्र गेला.

भाभी रत्नागिरीच्या. त्यांच्या मियांचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि त्या बहारीनमध्ये वीस वर्षं काढलेल्या. बाजारातली अरबी त्यांना अशी यायची की भाजीवाला भाव सांगायच्या आधीच कमी करायचा. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, आणि मला वाचवायचं सोडून वर म्हणाल्या, "भावजी, हिला जरा कायदा लावा. ही चोराला पण लोणचं वाढील."

झालं. दुसऱ्या दिवशी कागद तयार. गिऱ्हाईकाला घरी बोलवायचं नाही. आपण त्याच्या घरी जायचं नाही. भेट ईसा टाउनच्या बाजाराजवळच्या मोठ्या पार्किंगमध्ये, दुकानाच्या वॉचमनच्या नजरेसमोर. वेळ दुपारच्या नमाजानंतरची, सूर्य मावळायच्या आत. एकटं जायचं नाही. नाव, फोन, पत्ता सांगायचा नाही. चहा पाजायचा नाही. हे कलम खास माझ्यासाठी होतं आणि त्याखाली रेघ मारलेली होती. आणि आठवं, व्यवहार झाला की त्याच दिवशी जाहिरात काढून टाकायची, म्हणजे त्यासोबत आलेले-गेलेले निरोपही पुसले जातात.

मी चिडले होते, पण खरं सांगते, नियम सोन्यासारखे होते. त्या कागदावर चालून आम्ही पंखा विकला, मुलीची तीनचाकी विकली, डगमगणारं जेवणाचं टेबल विकलं. कुणी भामटा भेटला नाही, कुणी बेडरूममध्ये घुसलं नाही. भाभी दरवेळी माझ्यासोबत यायच्या, कारमध्ये बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायच्या आणि समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून मला हळूच कौल द्यायच्या. "चांगला आहे, दे." नाहीतर, "बाय, ह्याच्या चपला बघ, हा घेणारा नाही, हा फिरायला आलाय."

असं करत करत खोलीत एकच वस्तू उरली. पाळणा.

तो मुलीच्या वेळचा. मनामातल्या एका सुताराने, तोही आपल्याकडचाच, सागवानी केला होता. दोन उभ्या चौकटी, मध्ये झुलणारा कठडा, दांड्यांना कोरीव गोंडे. मुलगी आता नऊ वर्षांची. तिच्यानंतर दुसरं व्हावं म्हणून आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. दोनदा आशा लागली, दोनदा गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट, न दुखवता, पण स्पष्ट सांगितलं. त्याला आता वर्ष झालं होतं. नवऱ्याला माहीत होतं, भाभींना माहीत होतं. आईला मी सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी ठरलेली ओळ असायची, पाळण्यावर धूळ बसू देऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हाती तिने एक टोपडं पाठवलं होतं. पिवळं, कडेला हिरवी पायपीन, आतून मऊ मलमल. स्वतः शिवलेलं. तेही पाळण्यातच घडी करून ठेवलेलं.

पाळणा ठेवला तर खोलीत आईचा पलंग बसत नव्हता. आणि खरं तर आई आल्यावर त्याच खोलीत निजणार, रोज उशाशी तो पाळणा बघणार, आणि मी रोज तिच्या डोळ्यांत ते बघणार, हे माझ्याच्याने होणारं नव्हतं. एका सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, पाळण्याची जाहिरात टाका." तो कॉम्प्युटरकडे गेला खरा, पण आधी फडकं आणून पाळण्यावरची धूळ पुसून आला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. कुणी बहारीनी गृहस्थ. बायकोचे दिवस भरत आले आहेत, आईला झुलणारा लाकडीच पाळणा हवा आहे, दुकानातला प्लास्टिकचा ती घरात येऊ देत नाही. मला ती न पाहिलेली म्हातारी तिथेच आवडली.

आता आमच्या घरची पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचा गोंधळ कळायचा नाही. आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. घरातून बाहेर तर मुळीच काढत नाहीत. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, तसाच पाळणा एका घरातून दुसऱ्या घरी जातानाही त्यात वरवंटा ठेवून न्यायचा. आणि वरवंटा माझ्याकडे होता. लग्नानंतर मी इकडे यायला निघाले तेव्हा आईने दिलेला. पाटा विमानात नेणं शक्य नव्हतं, म्हणून वरवंटा तेवढा दिला आणि घरच्या पाट्याला नवा आणला. याच वरवंट्याने माझं बारसं झालं होतं, इथे माझ्या मुलीचंही झालं. बहारीनच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तो उलटासुलटा करून विचारलं होतं, हे काय? मी म्हटलं होतं, "किचन." एरवी त्याने मी आलं ठेचायची आणि एसीच्या वाऱ्याने आपटणारं स्वयंपाकघराचं दार अडवायची.

दुपारी मी वरवंटा धुतला, पुसला, दुपट्यात गुंडाळला. भाभी म्हणाल्या, "आमच्यात पण रिकामा पाळणा हलवत नाहीत गो. नीट निजव." मग काय, मला चेवच आला. आईचं टोपडं काढलं आणि वरवंट्याच्या गोल डोक्यावर घातलं. काजळाची डबी आणून तीटही लावली. हसत हसतच करत होते मी हे. आणि मग टोपड्याची नाडी बांधताना हसू कुठे गेलं कळलं नाही. भाभींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

नवऱ्याच्या जुन्या लांबलचक गाडीत मागची सीट पाडून आम्ही पाळणा घातला, तोही आत निजलेल्या वरवंट्यासकट. नवरा ड्यूटीवर. गाडी मी चालवली. पार्किंगमध्ये पोचलो, गाडी उभी केली, आणि भाभी म्हणाल्या, तो येईस्तोवर समोरून बर्फाचं पाणी आणू. खिडक्या बंद करून आम्ही दोघी दुकानात गेलो. फार तर चार मिनिटं.

बाहेर येतो तर गाडीभोवती पंधरा माणसं.

दुकानाचा वॉचमन काचेवर थापा मारत होता. कुणी दाराचा हॅन्डल ओढतोय, कुणी काच फोडायला दगड शोधतोय. एक फिलिपिनो बाई हुंदके देतेय. "बच्चा! अंदर बच्चा है! कौन छोड के गया?" भर उन्हात बंद गाडीत तान्हं मूल कोंडून आई शॉपिंगला गेली, असा सगळ्यांचा समज! आणि मी हातात बर्फाच्या बाटल्या घेऊन समोर उभी. माझं धाबंच दणाणलं. "अहो बच्चा नाही, पत्थर है, पत्थर!" असं मी ओरडले, तर वॉचमन मला म्हणतो, "शरम नहीं आती? अपने बच्चे को पत्थर बोलती है?"

भाभी गर्दीत घुसल्या. "मफी बेबी! हजर! हजर!" म्हणजे बाळ नाही, दगड आहे. कुणाला पटेना. दार उघडून मी दुपटं बाजूला केलं, टोपडं वर केलं, आणि तीट लावलेला काळाकुळकुळीत वरवंटा सगळ्यांना दाखवला. मग एवढा हशा पिकला की बाजारातली माणसं धावत आली. वॉचमन तेवढा हसला नाही. माझ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता त्यावरून दगडापेक्षा बाळ निघालं असतं तर त्याला परवडलं असतं.

आणि त्या हशात सगळ्यात मोठ्याने हसत होती एक काळ्या अबायातली म्हातारी. तीच आमचं गिऱ्हाईक. शेजारी तिचा मुलगा पिकअप घेऊन उभा. चांगला, लाजाळू माणूस. पाळणा त्यांनी बघितलाही नाही नीट, म्हातारीने कठड्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. पैसे दिले. मुलाने आणि वॉचमनने मिळून पाळणा पिकअपमध्ये चढवला. वरवंटा आतच, कारण गाडीतून गाडीत जातानाही रिकामा कसा जाईल? म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी लांबलचक म्हटलं, मुलगा म्हणाला, "यल्ला, युम्मा," म्हणजे चल आई, आणि पिकअप गेला.

कोपऱ्यावर वळला तेव्हा भाभींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाय," त्या म्हणाल्या, "दगड?"

आता बघा. पाळणा रिकामा जाऊ नये म्हणून त्यात वरवंटा ठेवायचा, हे मला पाठ. पण मग वरवंटा काढायचा कधी? आपल्या घरातून आपल्या माणसाच्या घरी पाळणा जातो तेव्हा हा प्रश्नच येत नाही, वरवंटा चार दिवसांनी परत येतो. पण ज्याचं नाव नाही, गाव नाही, फोन नाही, अशा माणसाला पार्किंगमध्ये पाळणा विकताना काय करायचं, याची आमच्याकडे पद्धतच नव्हती. मी इतकी शहाणी, पण हा एवढा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

घरी धावले. निरोप पाठवू म्हटलं. नवरा ड्यूटीवरून येऊन कॉम्प्युटरपाशी बसलेला, प्रसन्न. "विकला ना? भेटीची वेळ होऊन गेली, म्हटलं झालाच असेल. जाहिरात काढून टाकली."

"निरोप?"

"सगळं क्लीन."

त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फ्रिजवरचा कागद मी फाडला नाही, एवढंच माझं मोठेपण. बिचाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "गाडीचा नंबर?" ते कलमच त्याने लिहिलं नव्हतं.

आईचं विमान दोन आठवड्यांवर होतं. ती आल्या आल्या चहा मागणार, मी चहा ठेवणार, आणि ती उठून म्हणणार, आण, आलं मी ठेचते. वरवंटा कुठेय? मग पाळणा कुठेय? मग पाळणा का विकलास? एक दगड हरवला तर हरवला, असं नवरा म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं, पण तो म्हणाला नाही. त्याला ठाऊक होतं की त्या दगडाच्या मागे ती सगळी गोष्ट रांगेत उभी आहे. आईला मला सांगायचंच होतं. पण असं नाही. तुझा पाळणा विकला, आणि वर तुझा वरवंटाही घालवला, टोपडंही घालवलं, असं एकाच दमात तिच्या पदरात टाकायचं नव्हतं.

नवऱ्याने नवी जाहिरात टाकली. 'हरवले आहे' या सदरात. काय लिहावं? "एक दंडगोलाकार दगड, काळा, लांबी अंदाजे एक फूट, पिवळी टोपी घातलेला, भावनिक मूल्य." अपघाताचा रिपोर्ट लिहिल्यासारखं. उत्तरं आली. एकाने विचारलं, विकायचाय का? एकाने लिहिलं, माझ्याकडे यापेक्षा मोठा आहे, बागेत पडलाय, येऊन घेऊन जा. एकाने नुसतं लिहिलं, गेट वेल सून. मुलगी ती उत्तरं वाचून पोट धरून हसायची. "आई, यू आर फेमस!" मी तिला एक धपाटा घातला आणि मग मलाही हसू आलं.

भाभींनी आपल्या परीने शोध लावला होता. म्हातारी निघताना जे लांबलचक बोलली, त्यात त्यांना 'मआमीर' ऐकू आल्यासारखं वाटत होतं. मआमीर म्हणजे सित्राच्या कारखान्यांना खेटून असलेलं गाव. "चल, जाऊ. घरोघर विचारू, दगडाचं बाळ कुणी पाहिलं का." नवरा ताडकन उठला. अनोळखी गावात, अनोळखी दारं ठोठावत, दोन बायका! कलम दोन! आम्ही गेलो नाही. मी रोज आलं लाटण्याने ठेचायची आणि लाटण्याला शिव्या घालायची.

आई यायला तीन दिवस उरले, आणि संध्याकाळी नवऱ्याने कॉम्प्युटरवरून हाक मारली. "अगं, इकडे ये. लवकर."

त्या लाजाळू गृहस्थाचा निरोप होता. बायको हॉस्पिटलमध्ये होती म्हणून त्याने पान उघडलंच नव्हतं. त्याने लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: तुमचा दगड सुखरूप आहे. माझी आई त्याला कुणालाही हात लावू देत नाही. ती म्हणते, ज्या बाईने दगडाला असं निजवलं आहे ती स्वतः येऊन त्याला उठवील, ही तिची अमानत आहे. माझी मुलगी परवा घरी आली. ती आईच्या मांडीवर झोपते आणि तुमचा दगड पाळण्यात झोपतो. मेहेरबानी करून लवकर या, माझ्या आईचे पाय अवघडले आहेत.

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. नवऱ्याने एक प्रयत्न केला. "पार्किंगमध्ये घेऊन या म्हणावं." मी नुसतं बघितलं. तो म्हणाला, "बरं. पण मी येणार. मी बाहेर गाडीत बसेन, इंजिन चालू ठेवून. पंधरा मिनिटांत बाहेर आला नाहीत तर आत येईन."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भाभी आणि मुलीसकट आम्ही मआमीरला गेलो. हवेत कारखान्यांचा तो ओळखीचा उग्र वास, नवऱ्याच्या युनिफॉर्मला रोज यायचा तोच. घराच्या आत मात्र उदाचा धूर. नवऱ्याचं इंजिन दोन मिनिटंही चाललं नाही. त्या गृहस्थाने त्याला हाताला धरून गाडीतून उतरवलं आणि पुरुषांच्या खोलीत नेऊन खजूर, हलवा, कॉफी सुरू केली. सेफ्टी इंजिनिअर चालते झाले.

आम्हाला आतल्या खोलीत नेलं. पाळणा खिडकीशी, पुसून लख्ख केलेला. आत माझा वरवंटा, पिवळं टोपडं, दुपटं तसंच्या तसं, तीटसुद्धा. कुणी तसूभर हलवला नव्हता. पलंगावर बाळंतीण, तिच्या चेहऱ्यावर आता तरी सुटका होऊ दे असा भाव. आणि जमिनीवर गादीवर म्हातारी, मांडीवर इवलंसं, लालेलाल, मुठी आवळलेलं ते बाळ.

म्हातारी माझ्याशी बोलू लागली, भाभी सांगू लागल्या. त्यांच्या वेळी खजुराच्या फांद्यांचा पाळणा असायचा. त्यांचंही पहिलं बाळ त्या पाळण्यात निजायच्या आधीच गेलं होतं. त्या दिवशी पार्किंगमध्ये सगळे हसले, त्याही हसल्या. घरी येऊन दुपटं उघडलं, टोपड्याची आतली शिलाई पाहिली, आणि हसू थांबलं. ही टोपी दगडासाठी शिवलेली नाही, त्या म्हणाल्या. भाभी माझ्याकडे वळल्या. "बाय, त्या विचारतात, तुझं बाळ गेलं का?"

मी बोटांनी दोन दाखवलं. त्या म्हातारीने मान हलवली, जशी आई हलवते तशी.

मग मी उठले. वरवंटा उचलायला वाकले, आणि अडले. उचलला की पाळणा रिकामा! मी भाभींकडे बघितलं, भाभींनी म्हातारीकडे. सांगावं लागलं नाही. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि बाळ माझ्या हातात दिलं. माझ्या. भाभींनी त्या बाजूने वरवंटा उचलला, मी या बाजूने बाळ ठेवलं, एकाच वेळी. पाळणा एवढासाही रिकामा राहिला नाही. दोरी मी ओढली. टोपडं वरवंट्यावरून काढून मी बाळाच्या डोक्यावर घातलं, नाडी बांधली, आणि या वेळी बांधताना काही झालं नाही. म्हणजे झालं, पण ते वेगळं होतं. "मा शा अल्ला," म्हातारी म्हणाली, आणि मआमीरच्या त्या घरात आम्ही चार बायका मनसोक्त रडलो आणि मग तितक्याच हसलो, कारण बाळाने पहिला झोका घेताच ठणाणा भोकाड पसरलं होतं.

तिथून निघायला साडेतीन तास लागले. सगळ्यात शेवटी उठला माझा नवरा. त्या गृहस्थाला त्याने घरात वाळूची बादली कुठे ठेवावी ते समजावून सांगितलं होतं, आणि आमच्या घराचा पत्ताही लिहून दिला होता.

गाडीत वरवंटा मांडीवर घेऊन बसले. मागून मुलगी म्हणाली, "आई, कॅन आय होल्ड हिम?" मी दिला. घर येईपर्यंत तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दोन दिवसांनी आई आली. खोली बघितली, पलंग बघितला, पिशवी पलंगाखाली सरकवली. मी चहा ठेवला. ती उठून ओट्यापाशी आली आणि मी न सांगताच दाराशी ठेवलेला वरवंटा उचलला. हुंगला.

"याला कसला गं वास येतोय? उदबत्तीसारखा?"

मी गॅस बारीक केला. एवढे दिवस जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. "आई, पाळणा विकला मी. आता मला दुसरं नाही व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलंय. वर्ष झालं."

आई वरवंटा हातात धरून उभी राहिली. चहा उतू जायला आला तो तिनेच पातेलं खाली उतरवून वाचवला. मग हळूच विचारलं, "रिकामा नाही ना दिलास?"

"नाही. मी स्वतः बाळ ठेवून आले त्यात. मुलगी आहे."

"आणि टोपडं?"

"तिलाच घातलं."

आईने आल्याचा तुकडा ओट्यावर ठेवला, पदराने डोळे पुसले आणि वरवंटा नीट धरला.

"बसलं का गं नीट?"

"अगदी बरोबर बसलं, आई."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि आलं ठेचायला लागली.